दोष सुनेचाच कशासाठी?

नगर जिल्ह्यातील आपल्या खेड्यापाड्यांत एखाद्या सुनेचा गर्भ दोनतीनदा पडला की निवाडा ठरलेलाच असतो. सून चांगल्या पायगुणाची नाही. तिने ग्रहण पाळले नाही. तिला बाहेरची बाधा आहे. मग हरेगावच्या मतमाउलीला नवस होतो, आणि तेवढ्याने समाधान झाले नाही तर रविवारची मिस्सा आटोपून तीच मंडळी देवऋष्याच्या ओसरीवर जाऊन बसतात. ख्रिस्ती विवाहाचे बंधन विसरून दुसऱ्या सोयरिकीची कुजबुजही होते. या साऱ्या खटाटोपात नवऱ्याची तपासणी मात्र कोणालाच सुचत नाही.

हा निवाडा शास्त्राच्या कसोटीवर खोटा ठरतो. गर्भाला पोसणारी वार मुख्यतः गर्भाच्याच पेशींपासून घडते. तिच्यात आईइतकीच बापाचीही जनुके असतात. १९८४ साली केंब्रिज येथे अझीम सुरानी आणि अमेरिकेत मॅकग्रा व सोल्टर यांनी उंदरांच्या भ्रूणांवर प्रयोग केले. केवळ मातेकडील गुणसूत्रे असलेल्या भ्रूणात गर्भ काहीसा वाढे, पण वार दुबळी राही. केवळ पित्याकडील गुणसूत्रे असता वारेच्या पेशी वाढत, पण गर्भ खुंटे. वारेच्या उभारणीत पित्याच्या जनुकांचे कार्य किती मोठे आहे, ते यावरून उघड झाले.

आपल्या मुंबईतच, परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी ज्यांच्या पत्नींचे गर्भ कारण न सापडता वारंवार पडले, अशा पुरुषांचे वीर्य तपासले. नेहमीच्या तपासणीत ते निर्दोष होते. तरीही एच-१९ या जनुकाचे नियमन करणारी रासायनिक खूण त्यात कमी आढळली. हे संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झाले.

मग आता नवऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे काय? मुळीच नाही. पहिल्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याहून अधिक गर्भांत गुणसूत्रांचा हिशेब चुकलेला असतो, आणि बहुधा तो केवळ योगायोगाने चुकतो. काहींच्या बाबतीत थायरॉईडचा विकार, रक्त गोठविणारी प्रतिद्रव्ये किंवा गर्भाशयाची घडण कारण ठरते. वारंवार गर्भ पडणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत कारणच सापडत नाही. अशा वारेत काही जनुके कमीअधिक प्रमाणात कार्य करताना दिसतात. पण ते कारण की परिणाम, हे शास्त्रज्ञही अद्याप छातीठोकपणे सांगत नाहीत. शास्त्रज्ञ जिथे थांबतात तिथे सासूबाईंनी निकाल द्यावा, हा कुठला न्याय?

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले होते, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने तो प्रश्नच नाकारला. आपण मात्र दोन हजार वर्षांनंतरही तोच प्रश्न विचारतो, आणि उत्तरही आधीच ठरवून ठेवतो.

गर्भ पडणे हे पाप नव्हे. पापनिवेदनात सांगण्याजोगे त्यात काही नाही. ते दुःख आहे. गर्भधारणेपासून जीव पवित्र आहे असे शिकविणाऱ्या ख्रिस्तसभेने तिसऱ्या महिन्यात गेलेल्या बाळासाठीही प्रार्थना केली पाहिजे, आणि धर्मगुरूने त्या घराची पायरी चढली पाहिजे. कुटुंबाने मतमाउलीला नवस जरूर करावा. पण तो पतिपत्नींनी मिळून करावा, आणि डॉक्टरांकडेही दोघांनी मिळूनच जावे.