विम्याच्या नोकरीकडे पोरांनी पाठ का फिरवावी?

कृषी पदविका झालेल्या गावच्या पोराला विचारा, पुढे काय? उत्तर ठरलेले. पोलीस भरती, तलाठ्याची परीक्षा, नाहीतर तालुक्याला खत-औषधाचे दुकान. विमा म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे बॅग घेऊन दारोदार फिरणारा एजंटच उभा राहतो. माझे म्हणणे असे की, शिकलेल्या शेतकरीपुत्राची आज सर्वात जास्त गरज पीक विम्याच्या कामात आहे. आमच्या खात्यातल्या मंडळींनी राग मानू नये.

पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने गहू, हरभरा, द्राक्षे झोडपली. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाडा आणि सोलापूर भागात नद्या शेतात शिरल्या, हाताशी आलेले सोयाबीन गेले, कित्येकांची मातीच खरवडून गेली. अशा काळात विमा हवा, यावर वाद नाही. वाद आहे तो नुकसान मोजतो कोण, यावर.

राज्यात २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा आला आणि २०२५ च्या खरिपापासून बंदही झाला. खरिपाला विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत हिस्सा पुन्हा शेतकऱ्याच्या खिशातून जाऊ लागला. त्याच वेळी स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचे नुकसान ही कलमे वगळून भरपाई पीक कापणी प्रयोगावर आणली गेली. म्हणजे सगळे त्या प्रयोगावर आले.

आता हिशेब बघा. समजा मंडळाचे उंबरठा उत्पन्न हेक्टरी १२ क्विंटल आहे आणि खरे उत्पन्न आले ९. तूट २५ टक्के. विमा रक्कम ५० हजार असेल तर भरपाई साडेबारा हजार. कापणीसाठी १० बाय ५ मीटरचा तुकडा आखला, तर तो हेक्टरचा दोनशेवा भाग होतो. त्यात एक किलो जास्त भरला की हेक्टरी दोन क्विंटल वाढले! ओला दाणा तसाच तोलला, टेप सैल धरला, विरळ जागा सोडून दाट पिकात खुंटी ठोकली, की झाले. सगळ्या प्रयोगांत असाच हात चालला तर ९ चे ११ होतात आणि साडेबारा हजारांचे चार हजार एकशे सदुसष्ट उरतात. एका किलोची ही किंमत मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाने मोजायची.

मंडळ किंवा गाव हा एक घटक धरून विमा द्यावा, ही कल्पना १९७६ मध्ये मांडली ती पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांनी. १९८५ ची देशव्यापी योजना त्याच पायावर आली. पाया मराठी माणसाने घातला, पण काम करायला मराठी पोरे नाहीत असे का व्हावे?

कामे किती आहेत पाहा. कापणी प्रयोगाला विमा कंपनीचा प्रतिनिधी लागतो. महसूल मंडळांतली स्वयंचलित हवामान केंद्रे नीट चालतात की पर्जन्यमापकात पाने अडकली आहेत, हे बघणारा लागतो. फळपिकांचा विमा तर त्या आकड्यांवरच ठरतो. उपग्रहाच्या चित्रांवरून उत्पन्नाचा अंदाज काढतात, तिथे शेत ओळखणारा लागतो. गणितात हुशार असलेल्याला बारावीनंतर अ‍ॅक्च्युअरीच्या परीक्षा आहेत, त्यांची संस्था नवी मुंबईत. पुण्यात राष्ट्रीय विमा अकादमी आहे. भारतीय कृषी विमा कंपनीने कृषी पदवीधरांना प्रशिक्षणार्थी अधिकारी म्हणून घेतलेले आहे.

आणि एक काम असे, जे अजून कुणी धड करत नाही. कोणत्या मंडळात कोणत्या महिन्यात पीक बुडते, याची वर्षानुवर्षांची नोंद विम्याच्या दप्तरात पडून आहे. ती वाचून, 'बाबांनो, इथे लवकर येणारा वाण घ्या, रुंद वरंबा-सरीवर पेरा, चर काढा,' असे सांगणारा माणूस गावाला मिळाला तर भरपाई मागायची वेळच कमी येईल.

कुणी म्हणेल, साहेब, या नोकऱ्या तीन महिन्यांच्या. खरे आहे, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. मागे एका कंपनीने आमच्याकडे पाठवलेल्या पोराला तूर आणि उडीद ओळखता येत नव्हते. त्याचा तरी काय दोष? हंगामापुरता मोबाईल हातात देऊन सोडलेला. कंत्राट देताना शासनाने अट घालावी: तालुक्याला बारमाही माणूस, कृषी शिक्षण झालेला, शक्यतो त्याच जिल्ह्यातला, आणि पगार नुकसान कमी दाखवण्यावर अवलंबून नसलेला. ग्रामसभांनी असे ठराव करून तहसीलला पाठवावेत.

तोवर सरपंच आणि पोलीस पाटलांना एवढीच विनंती. तलाठी म्हणा की आता ग्राम महसूल अधिकारी, कृषी सहायक म्हणा की सहायक कृषी अधिकारी, नावे बदलली तरी टेप तोच आहे. तुमच्या गावात कोणत्या गटात कापणी होणार, तारीख काय, हे आधी विचारून घ्या. त्या दिवशी पदविका झालेली दोन पोरे शेतावर घेऊन जा. त्यांना टेपचे दुसरे टोक धरू द्या, काटा वाचू द्या, आणि अहवालावर सही करण्याआधी आकडा तुमच्या वहीत उतरवून घ्या.