लहान जठर आणि घरचा आग्रह

वजन घटविण्यासाठीं जठर कापून लहान करण्याची अथवा अन्नाचा मार्ग वळविण्याची शस्त्रक्रिया आतां आपल्या कुटुंबांतील माणसेंही करून घेऊं लागलीं आहेत. दुसऱ्या प्रकाराचा आरंभ अमेरिकेंत आयोवा येथें डॉ. एडवर्ड मेसन यांनीं १९६६ सालीं केला. पहिलें वर्ष-दीड वर्ष वजन झपाट्यानें उतरतें; पुढें तें स्थिरावतें, व पुष्कळांचें थोडेंबहुत परततेंही. मग 'एवढा खर्च वायां गेला' अशी माजघरांतील कुजबुज आमच्या कानीं येते. ती अन्यायाची आहे; परंतु आम्हांस भय वाटतें तें निराळ्याच गोष्टीचें.

बी-१२ हें जीवनसत्त्व अंगीं लागण्यास जठरांतील एका द्रव्याचें साहाय्य लागतें. शस्त्रक्रियेनंतर तें अपुरें पडतें. यकृतांत पूर्वीचा सांठा असल्यामुळें ही उणीव बहुधा लगेच कळत नाहीं. कांहीं वर्षांनीं हातापायांस मुंग्या येऊं लागतात, आणि मज्जातंतूंची हानि फार पुढें गेली तर ती पुरती भरून येत नाहीं. शाकाहारी घरांत तें सत्त्व मुख्यतः दूधदुभत्यांतूनच मिळावयाचें, म्हणजे मूळचीच ओढाताण! अशा वेळीं 'आतां प्रकृति ठणठणीत आहे, गोळ्या कशाला?' असें म्हणणारे वडील हितशत्रूच होत. गोळ्या जन्मभर आणि रक्ततपासणी दरवर्षीं, हें घरांतील सर्वांनीं जाणून असावें.

पंक्तींतील आग्रहाचेंही तेंच. जिलबी पोटांत जातांच कित्येकांस घाम, धडधड व भोंवळ येते. त्यांस वरण-उसळ आधीं वाढावी, भात मागाहून. आणि पानांत उरलें तर बोल लावूं नये.