हागणदारीमुक्तीची पायरी कोणी ठरवायची?

राजधानीत कोणत्याही खात्याच्या आढावा बैठकीला बसलेल्या अधिकाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पडद्यावर शेवटी एकच आकडा दिसावा लागतो. तो टक्केवारीत असावा, गेल्या महिन्यापेक्षा वाढलेला असावा आणि मंत्रिमहोदयांना लोकसभेत एका वाक्यात सांगता यावा. रस्त्यांचे किलोमीटर, विजेच्या जोडण्या किंवा बँकेतील खाती मोजताना ही सवय फारशी अडत नाही. माणसांच्या वागण्यात बदल घडवण्याचा कार्यक्रम हाती घेतला, की मात्र ती अंगाशी येते. ग्रामीण स्वच्छतेइतके याचे बोलके उदाहरण दुसरे सापडणार नाही.

केंद्राची संपूर्ण स्वच्छता मोहीम १९९९ मध्ये सुरू झाली. पुढील दहा-बारा वर्षे बांधलेल्या शौचालयांची बेरीज कागदावर वाढतच गेली. २०११ च्या जनगणनेत मात्र ग्रामीण भागातील केवळ ३०.७ टक्के कुटुंबांच्या आवारात शौचालय आढळले. खात्याचा आकडा याच्या दुपटीच्या आसपास होता. काही शौचालये मोडली होती, काहींत सरपण भरले होते आणि काही कागदाबाहेर कधी आलीच नव्हती. बेरजेत वजाबाकीची सोयच नव्हती!

स्वच्छ भारत अभियानाने २०१४ ते २०१९ या पाच वर्षांत दहा कोटींहून अधिक घरगुती शौचालये उभी केली. हे काम लहान नव्हे. डायेन कॉफी, डीन स्पिअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या चार राज्यांच्या ग्रामीण भागात पाहणी केली. तेथे उघड्यावर जाणाऱ्यांचे प्रमाण २०१४ मधील सुमारे ७० टक्क्यांवरून २०१८ मध्ये ४४ टक्क्यांवर आल्याचे त्यांना दिसले. चार वर्षांत इतकी घट ही अभिमानाचीच बाब आहे. तथापि त्याच पाहणीत शौचालय असलेल्या घरांतीलही जवळपास चौथा हिस्सा माणसे शेताकडेच जात होती. २ ऑक्टोबर २०१९ रोजी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त घोषित झाला. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने मात्र देशातील १९ टक्के कुटुंबे कोणतेही शौचालय वापरत नसल्याचे नोंदवले. 'मुक्त' किंवा 'मुक्त नाही' एवढ्या दोनच पाट्या हाती असल्या, की सत्तरवरून चव्वेचाळीसवर येणे कोणत्या पाटीखाली लिहायचे, हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

अभियानाच्या २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात ही चूक काही अंशी सुधारली गेली. गावासाठी उदयमान, उज्ज्वल आणि उत्कृष्ट अशा तीन पायऱ्या ठरल्या. हागणदारीमुक्ती टिकवून घनकचरा किंवा सांडपाणी यांपैकी एकाची व्यवस्था केली तर पहिली पायरी, दोन्हींची केली तर दुसरी; आणि त्यावर गाव नजरेला स्वच्छ दिसत असेल व स्वच्छतेचे संदेश लावलेले असतील तर तिसरी. मूल्यमापनशास्त्रात याला रुब्रिक म्हणतात. आपण श्रेणीपट म्हणू. प्रत्येक पायरीवर काय दिसले पाहिजे, हे त्यात आधीच शब्दांत लिहून ठेवलेले असते.

ही पद्धत आपल्याला अनोळखी नाही. मुंबईच्या वस्त्यांतून उभ्या राहिलेल्या 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत असलेली 'असर' पाहणी हे श्रेणीपटाचेच साधे रूप आहे. मूल अक्षर ओळखते, शब्द वाचते, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद वाचते की दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचते, एवढेच त्यात पाहिले जाते. तपासणी घरी होते आणि आईला, ती स्वतः निरक्षर असली तरी, आपले मूल कोठे अडते ते समोर दिसते. या पाहणीला पुरस्कार जोडलेला नाही, शिक्षकाची बदलीही नाही. तिच्या विश्वासार्हतेचे निम्मे श्रेय मी यालाच देईन.

स्वच्छतेचा श्रेणीपट येथेच कमी पडतो. तिन्ही पायऱ्यांचे वर्णन मुख्यतः सोयींचे आहे, वागण्याचे नाही. घरातली सून शौचालय वापरते आणि सासरे पहाटे शेताकडे जातात, हे त्यात कोठे लिहायचे? त्याहून अवघड प्रश्न खड्ड्याचा आहे. दोन खड्ड्यांच्या शौचालयात पहिला भरला की दुसरा वापरात येतो आणि वर्षभरात पहिल्यातील मैल्याचे खत होते. ते काढण्यास कोणीही हात लावू शकतो, असे अभियंते सांगतात. गावात मात्र हे काम कोणत्या जातीचे, हे आधीच ठरलेले असते. खड्डा भरेल या धास्तीने पुरुष तो वापरत नाहीत किंवा भलामोठा खड्डा खणतात. हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा २०१३ चा कायदा पुस्तकात आहे. 'खड्डा भरल्यावर तो कोणी, कसा रिकामा केला' ही एक ओळ श्रेणीपटात घातली, तर बदल किती खोल गेला ते कोणत्याही टक्केवारीपेक्षा स्पष्ट कळेल.

महाराष्ट्रातून येथे आलेल्या अधिकाऱ्यांना यातला धोकाही ठाऊक आहे. २००० मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने गुणतक्त्याच्या आधारे गावांत चुरस लावली. लोकांनी श्रमदानाने गटारे खणली आणि ग्रामसभेत शौचालयाचा विषय उघडपणे निघू लागला. पण समिती येणार म्हटल्यावर गाव झाडायचे आणि ती गेल्यावर खराटा कोपऱ्यात ठेवायचा, हेही अनेक ठिकाणी घडले. केंद्राच्या निर्मल ग्राम पुरस्कारात महाराष्ट्राने मोठी आघाडी घेतली. त्या गावांच्या नंतरच्या पाहण्यांत घसरण दिसली. २०१८ पासूनच्या आकांक्षित जिल्हे कार्यक्रमाने गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, उस्मानाबाद यांसह देशातील मागास जिल्ह्यांना ४९ निर्देशांकांवर मासिक क्रमवारी लावली. क्रमवारीने जिल्हाधिकारी जागे राहतात, हे खरे. पण क्रमांक लागला की पायरी खाली आली असे लिहिण्याची कोणाची छाती होत नाही. श्रेणीपटाचा उपयोग तर तसे निर्धास्तपणे लिहिता येण्यातच आहे.

यावर अर्थ खात्याचा आक्षेप ठरलेला आहे: वर्णन म्हणजे मतमतांतर, लेखापरीक्षेत ते टिकत नाही. आक्षेप पोकळ नाही. म्हणून एकाच गावाची पायरी ग्रामसभेने आणि शेजारच्या जिल्ह्यातील पथकाने स्वतंत्रपणे ठरवावी आणि दोहोंतील फरक मिटवून न टाकता नोंदवावा. शौचालयाचा वापर, खड्डा, कचरा, सांडपाणी यांच्या पायऱ्या वेगवेगळ्या राहाव्यात. एका पाटीत त्या गुंडाळल्या की कचऱ्यातील प्रगती वापरातील घसरण झाकते. शौचालयांचे आकडेही चालू राहोत. मात्र पायरीवरून ना पुरस्कार मिळावा, ना ग्रामसेवकाच्या गोपनीय अहवालात शेरा पडावा.

पाच लाखांहून अधिक गावे आज या तीन पायऱ्यांपैकी एकीवर असल्याची नोंद आहे. २०२७ च्या जनगणनेचे तपशील हाती आले, की कागद आणि घर यांची पुन्हा एकदा गाठ पडेल. त्या दिवशी २०११ सारखी तफावत निघाली, तर ती कोणत्या गावात आणि कोणत्या पायरीवर पडली हे सांगणारी नोंद जिल्ह्यांकडे आधीपासून असली पाहिजे. ती ठेवायला अजून वेळ आहे.