शिकायच्या दिवसाची मजुरी द्या



2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 1 कोटी 26 लाख शेतकरी आणि सुमारे 1 कोटी 35 लाख शेतमजूर नोंदले गेले. म्हणजे या राज्याच्या शिवारात शेतकऱ्यांपेक्षा मजूर जास्त होते. तरीही शेतीचा पैसा आणि शेतीचे ज्ञान दोन्ही सातबाऱ्यापाशी येऊन थांबतात. अवजाराला अनुदान हवे, तर नावावर सातबारा लागतो. ठिबक हवे, तरी सातबारा लागतो. पीएम किसानचे वर्षाचे 6,000 रुपये जमीनधारक कुटुंबालाच मिळतात. शेतकऱ्याला मिळते ते कमी करा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. त्याला मिळते तेही अपुरेच आहे. पण प्रशिक्षणाचा निरोपही बहुधा खातेदारालाच जातो, खातेदार बहुधा पुरुष असतो, आणि प्रत्यक्ष खुरपणी, लावणी, वेचणी करणारी बाई त्या दिवशीही दुसऱ्याच्या शेतात वाकलेली असते. म्हणून आमची मागणी एकच आहे: ज्याच्या हातून काम होते त्याला ते काम शास्त्रशुद्ध शिकवा, आणि शिकण्यात जितके दिवस जातील त्यांची मजुरी सरकारने भरून द्यावी.

न शिकवण्याची किंमत काय असते हे 2017 साली यवतमाळ जिल्ह्याने पाहिले. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन तिथे वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात पोचले. त्या हंगामात कपाशी डोक्याच्या वर गेली होती आणि फवारा खाली पडण्याऐवजी तोंडावर येत होता. कीटकनाशकाच्या डब्यावर एक रंगीत खूण असते. लाल म्हणजे अतिशय जहाल, मग पिवळी, मग निळी, आणि सर्वांत सौम्य ती हिरवी. फवारणाऱ्याला ही एवढी खूण कळली, वाऱ्याकडे तोंड करून फवारायचे नाही हे कळले, तुंबलेले नोझल तोंडाने फुंकायचे नाही आणि फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात टाकायचे नाहीत हे कळले, तर जीव वाचतात. हे शिकवायला दोन दिवस पुरतात. कीटकनाशकांबाबतच्या 1971 च्या नियमांत तर उत्पादक आणि वितरकांनी काम करणाऱ्यांना सुरक्षिततेचे प्रशिक्षण द्यावे असे लिहिलेलेच आहे. तो नियम पाठीवर पंप घेतलेल्या माणसापर्यंत पोचला नाही. आणि विषबाधा झाली की हातमोजे का घातले नाहीत, असे त्यालाच विचारले जाते. हा उफराटा न्याय आहे.

शेतमजुरीला कसले आले प्रशिक्षण, ते काम करता करता येतेच, असे म्हणणारे अनेक आहेत. त्यांनी नाशिकच्या द्राक्षबागेत जावे. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, विरळणी, घड संजीवकात बुडवण्याचे डिपिंग ही सारी कामे मजुरांच्या टोळ्या उक्ती घेतात. त्यांतले कितीतरी पेठ-सुरगाण्याकडून आलेले आदिवासी असतात. बागायतदार काडी प्रयोगशाळेत तपासून आणतो, कोणत्या डोळ्यात घड आहे ते समजून घेतो. पण तो डोळा राखून कात्री चालवणारा हात मजुराचा असतो. तिथे चूक झाली की वर्षभराचा खर्च मातीत जातो. कापसाचेही तसेच. दव उतरल्यावर वेचावे, खालची बोंडे आधी घ्यावीत, पालापाचोळा येऊ देऊ नये, प्लॅस्टिकच्या पोत्यात भरू नये, या साध्या गोष्टींवर कापसाची प्रत आणि भाव ठरतो. पण वेचणी किलोवर असल्याने बाईला घाई करावीच लागते. स्वच्छ वेचणीला जादा दर नाही आणि ती कशी करायची हे कुणी नीट दाखवतही नाही. करता करता काम येते हे खरे. पण चुकीचे कामही तसेच अंगवळणी पडते.

यासाठी पैसा कुठून आणायचा? शिकणाऱ्याला पैसे देण्याचे तत्त्व सरकारने आधीच मान्य केले आहे. 2023 साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार अशा 18 व्यवसायांतील कारागिरांना प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये आणि अवजारांसाठी 15,000 रुपये मिळतात. तो त्यांचा हक्कच आहे. राज्याची 2024 ची युवा कार्य प्रशिक्षण योजना बारावी झालेल्याला महिन्याला 6,000, तर पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन देते. मग कलमे बांधणारा, बाग छाटणारा, फवारणारा सातवी शिकलेला मजूर या दोन्हींच्या बाहेर का? त्याचे हातावर पोट असते. दोन दिवस वर्गात बसायचे म्हणजे दोन दिवसांचा खाडा, आणि खाडा त्याला परवडत नाही. सोय केली तर निधीही उभा राहतो. बांधकाम मजुरांसाठी बांधकाम खर्चावर 1 टक्का उपकर 1996 च्या कायद्याने बसवला गेला. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या प्रत्येक टनामागे 10 रुपये आणि तेवढीच रक्कम सरकारने घालायची असे ठरले. रोजगार हमीसाठी याच महाराष्ट्राने पगारदारांवर व्यवसाय कर बसवला आणि तो लोकांनी भरला. तसाच एक निधी शेतमजुरांच्या प्रशिक्षणासाठी व्हावा. त्यात कीटकनाशक उत्पादकांचा आणि शेतमालाच्या निर्यातदारांचा वाटा असावा, आणि तो शेतकऱ्याच्या पावतीवर चढणार नाही याची तरतूद कायद्यातच असावी.

शेतकरी बांधवांची शंका आम्ही सर्वांत गंभीरपणे घेतो: मजूर शिकला की रोज वाढवून मागेल, आणि आधीच तोट्यातली शेती आणखी बुडेल. तो जास्त मागेल, मागावेच. पण 2015-16 च्या कृषिगणनेनुसार राज्यातली जवळपास 80 टक्के खाती अल्प आणि अत्यल्प भूधारकांची आहेत. या खातेदारांपैकी कित्येक जण वर्षातले काही महिने दुसऱ्याच्या बांधावर राबतात. त्यांच्यासाठी हे प्रशिक्षण परक्याचे नाही, घरचेच आहे. शेतीला बुडवतो तो भाव, बुडवतो तो वाया गेलेला माल आणि चुकीच्या फवारणीचा दुप्पट खर्च; मजुराचा शंभर रुपये वाढलेला रोज नव्हे. शिकलेला मजूर गाव सोडून जाईल, ही भीतीही उलटी आहे. आज ग्रामीण तरुणांना मिळणारे बरेचसे कौशल्य प्रशिक्षण दुकान, हॉटेल आणि कारखान्याच्या नोकरीसाठीच असते. त्यांना गावाबाहेर नेणारे प्रशिक्षण आपणच देतो, गावात टिकवणारे देत नाही. बोगस नावे घुसतील हे मात्र आम्हाला मान्य आहे, कारण तसे घडत आले आहे. त्यावर उपाय म्हणजे वर्ग तालुक्याच्या सभागृहात न भरवता शिवारातच भरवणे, शिकणाऱ्यांची यादी ग्रामसभेत वाचून दाखवणे आणि परीक्षा कागदावर न घेता झाडावर घेणे.

येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. शेतमजुरांना, त्यातही स्त्रियांना, कामाच्या हंगामाआधी गावातच प्रशिक्षण मिळावे, त्या दिवसांची पूर्ण मजुरी खात्यात जमा व्हावी आणि त्यासाठी सातबाऱ्याची अट नसावी, असा ठराव करून घ्या. ठरावाची प्रत तहसीलदार, तालुका कृषी अधिकारी आणि आपल्या आमदारांना द्या, पोच घ्या, आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला ती दाखवून विचारा: तुम्ही याच्या बाजूने आहात की नाही?