रुमाल काढा, झाकण लावा

मराठी घरात एखादी वस्तू लाडकी झाली, की तिच्यावर रुमाल पडतो. टीव्हीवर पडला, फ्रिजवर पडला, मिक्सरवरही पडला. आता परदेशातल्या आपल्या दिवाणखान्यांत टर्नटेबल परत आले आहे, आणि त्याच्यावर आईने विणलेला क्रोशाचा रुमाल नाहीतर जुन्या पैठणीचा तुकडा दिसतो आहे. माझे म्हणणे स्पष्ट आहे: याला जपणे म्हणत नाहीत. तो रुमाल आजच काढा.

कापड धूळ अडवत नाही, साठवते. क्रोशाच्या जाळीतून ती सरळ खाली उतरते. दाट कापडावर ती बसून राहते आणि तुम्ही कापड उचललेत की नेमकी प्लेअरवर झडते. कापडाचे सुटलेले तंतू वेगळेच. त्यातून सुईवर तिचे संरक्षक टोपण नसेल, तर एखादा धागा सुईच्या दांडीत अडकतो. ही दांडी काडेपेटीतल्या काडीहून बारीक असते. ओढली की वाकली.

‘एवढ्याशा धुळीने काय होते?’ सांगतो. एलपीची खाच साधारण मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी रुंद असते. सुईवर भार दोनेक ग्रॅमचाच, पण टोक इतके सूक्ष्म की तेवढ्या जागी दाब प्रचंड होतो. मधे आलेला कण सुई खाचेच्या भिंतीत दाबून टाकते. मग वसंतरावांच्या तानेत जो ‘टक्’ येतो, तो रेकॉर्ड धुऊनही जात नाही.

मग काय करायचे? प्लेअरसोबत आलेले ॲक्रिलिकचे झाकण लावायचे. शेल्फ बुटके आहे म्हणून ते काढून माळ्यावर टाकले असेल, तर प्लेअर खालच्या टेबलावर आणा, किंवा वरून ठेवायचा पारदर्शक डबा घ्या. वाजवताना झाकण उघडे असावे की बंद, यावर खुशाल भांडा. वाजत नसताना वादच नाही. झाकण कोरड्या फडक्याने घासू नका, त्याने स्थिर वीज साठते आणि धूळ जास्तच चिकटते. किंचित ओले, मऊ फडके पुरे. स्पिरिट मात्र नको, ॲक्रिलिकला तडे जातात. ऐकून झाले की रेकॉर्ड प्लेअरवर ठेवू नका, पाकिटात घाला.

दुबई-मस्कतकरांनो, तुमच्याकडची धूळ पिठासारखी बारीक, ती फटीतूनही येते. शिकागो-टोरांटोकरांनो, तुमच्याकडे हिवाळ्यात हीटिंगने हवा कोरडी होते आणि विनाइल धुळीला जवळ ओढते. झाकणावाचून दोघांचीही सुटका नाही.

‘पण तो रुमाल आईच्या हातचा आहे!’ मान्य. मग तो फ्रेम करून भिंतीवर लावा, तिथे चार लोक बघतील तरी. पण त्या रेकॉर्डही कोणाच्या तरी हातच्याच आहेत. बाबांनी पगारातून पैसे बाजूला टाकून त्या घेतल्या, तुम्ही त्या सामानाच्या वजनात बसवून, कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून इकडे आणल्या. त्यातल्या कितीतरी पुन्हा बाजारात आल्याच नाहीत. रुमाल पुन्हा विणता येतो. झिजलेली खाच पुन्हा कोरता येत नाही.