हलगी वाजली आणि बहिरे जागे झाले?

मागच्या अंकात एका मित्राची अद्भुतकथा आली. राजा आहे. वेद ऐकले म्हणून तो अख्ख्या वस्तीच्या कानांत तापलेलं शिसं ओततो. पिढ्यान्‌पिढ्या वस्ती बहिरी. (शिसं बापाच्या कानात, मग नातवंडं बहिरी कशी? असो, अद्भुतकथा आहे.) शेवटी नायक येतो, हलगी बडवतो, सगळ्यांचे कान उघडतात आणि बंड होतं. कथा वाचून झाली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या दिसल्या. सातव्या वर्षी तापात माझे दोन्ही कान गेले.

मित्रा, शिसं खोटं नाही. गौतम धर्मसूत्रात वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेलं कथील नि लाख भरायची शिक्षा लिहून ठेवलीय. मनूनं नवव्या अध्यायात जन्मजात बहिऱ्याला, मुक्याला बापाच्या इस्टेटीतला वाटा नाकारलाय. 25 डिसेंबर 1927 ला महाडात जी पोथी जळाली तिच्यात हेही होतं. म्हणजे गुन्हेगार ओतणारा, नाकारणारा. तू मात्र खोट आमच्या कानात दाखवलीस. कान दुरुस्त झाल्याशिवाय तुझी माणसं बंडालाही लायक नाहीत!

आणि तोवर ती करतात काय? नुसती बसून राहतात. एवढी वस्ती बहिरी नि तिला हातांची भाषा नाही? निकाराग्वात 1977 नंतर मानाग्वाच्या शाळांत बहिरी पोरं पहिल्यांदा मोठ्या संख्येनं एकत्र आली. मास्तर त्यांना ओठ वाचायला लावत होते. पोरांनी पटांगणात, बसमध्ये आपली नवीकोरी भाषा उभी केली, कुणी न शिकवता. तुझ्या वस्तीला तेवढीही अक्कल दिली नाहीस.

उलट एका म्हातारीला जादू दिलीस. रात्री नदीपलीकडच्या हेरांचे ओठ वाचते! गड्या, आरशासमोर आवाज न काढता म्हणून बघ : पाप, बाप, माप. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात. अंधारात मला माझ्या आईचं बोलणंसुद्धा कळत नाही.

2018 चा 'अ क्वाएट प्लेस' बघ. आवाजावर झडप घालणारे राक्षस. घर टिकतं, कारण थोरली पोरगी बहिरी आहे म्हणून घरात सगळ्यांना हातांची भाषा येते. तिचं काम करणारी मिलिसेंट सिमंड्स स्वतः बहिरी आहे. शेवटी राक्षस हरतात ते तिच्या कानाच्या यंत्राच्या किंकाळीनं, ते मला खटकलं. पण पोरीचे कान काही कुणी उघडत नाही.

हे तुला एकट्याला नाही. आपल्या प्रत्येक पत्रकात 'बहिरं सरकार' असतं. सरकारला झकास ऐकू येतं रे. ऐकून अर्ज फाडतं. बहिरा मी आहे, आणि मी मोर्चात असतो. सहा वर्षं सभेला पुढच्या रांगेत बसतोय, वक्ते माईकमागे तोंड लपवून बोलतात. काय कळलं, एकानं विचारलं नाही.

कथेचा दुसरा भाग येणार म्हणे. हलगी काढू नकोस. मला ती बरगड्यांत कळते. पण कधी उठायचं हे वस्तीतल्याच कुणालातरी हातानं सांगू दे. आणि लिहायला बसण्याआधी घरी ये. वही-पेन्सिल घेऊन ये. दिवा चालू ठेवतो.