बिनतारी चार्जिंग : सोय किती, किंमत किती?

दूरध्वनी बिनतारी झाला, इंटरनेट बिनतारी झाले, हेडफोनही वायरीतून सुटले. मोबाइलला बांधून ठेवणारी चार्जरची वायर तेवढी उरली आहे. तीही काढून टाकण्याची कंपन्यांची खटपट गेली दीड दशके सुरू आहे. चकतीवर फोन ठेवताच बॅटरी भरू लागते, ही सोय मोहक आहे, यात शंका नाही. मात्र तिच्यासाठी ग्राहक नेमके काय मोजतो, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

या तंत्रामागे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे तत्त्व आहे. चकतीतील तारेच्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती प्रवाह वाहिला, की बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि फोनच्या पाठीमागील वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. दोन वेटोळ्यांमधील अंतर जेमतेम काही मिलिमीटर असावे लागते. थोडक्यात, वायर नाहीशी होत नाही, ती फोनऐवजी चकतीला जोडली जाते, इतकेच.

२००८ मध्ये स्थापन झालेल्या ‘वायरलेस पॉवर कन्सॉर्टियम’ने २०१० मध्ये ‘ची’ हे समान मानक आणले. नोकियाने २०१२ च्या लुमिया ९२० मध्ये ते वापरले. अॅपलने २०१७ मध्ये आयफोनसाठी ते स्वीकारल्यावर या तंत्राला खरी प्रतिष्ठा मिळाली. तथापि, एकाच वेळी तीन उपकरणे भरणारी अॅपलची ‘एअरपॉवर’ ही बहुचर्चित चकती २०१९ मध्ये रद्द करावी लागली. २०२३ च्या ‘ची २’ मानकात लोहचुंबकांच्या साह्याने फोन नेमक्या जागी बसवण्याची व्यवस्था झाली.

या पद्धतीचे लाभ खरे आहेत. वायर सतत आत-बाहेर केल्याने चार्जिंगची खाच झिजते, तिच्यात धूळ साठते. पावसाळ्यात खाच ओली असेल, तर वायर जोडणे धोक्याचे ठरते. बिनतारी चकतीला या अडचणी नाहीत. शिवाय समान मानकामुळे वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनना एकच चकती चालते.

दुसरी बाजू विजेची. २०२० मध्ये ‘वनझीरो’ या नियतकालिकाने पिक्सेल ४ या फोनवर केलेल्या चाचणीत वायरीच्या तुलनेत बिनतारी चार्जिंगला सुमारे ४७ टक्के अधिक वीज लागली. याच प्रमाणात हिशेब केला, तर ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी रोज पूर्ण भरताना सुमारे १० वॉट-तास जादा लागतील. वर्षाकाठी हे साडेतीन युनिटांहून थोडे अधिक भरते. एका घराच्या बिलात ही रक्कम जाणवणारही नाही. परंतु एक कोटी फोन असे भरले गेले, तर साडेतीन कोटी युनिट वाया जातील.

वाया गेलेली ही वीज उष्णतेत रूपांतरित होते आणि लिथियम-आयन बॅटरीला उष्णता मानवत नाही. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना तापलेला फोन स्वतःच चार्जिंग मंदावतो. बॅटरीचे आयुष्यही घटते. वेगातही वायरच पुढे आहे. मध्यम किमतीचे अनेक फोन वायरीने ६० वॉटहून अधिक क्षमतेने भरतात, तर मूळ ‘ची २’ची मर्यादा १५ वॉटची. भारनियमनाच्या भागात, तासाभराच्या विजेत फोन भरून घ्यायचा असतो तेथे, हा फरक निर्णायक ठरतो. पेसमेकर असलेल्यांनीही सावध राहायला हवे. बिनतारी चार्ज होत असलेला आयफोन अशा उपकरणापासून ३० सेंटिमीटरहून दूर ठेवावा, असे अॅपलनेच सांगितले आहे.

खरा प्रश्न पुढचा आहे. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून वायरीने चार्ज होणाऱ्या नव्या फोनना ‘यूएसबी-सी’ बंधनकारक केले. केवळ बिनतारी पद्धतीने भरणारा फोन मात्र या नियमातून सुटतो. म्हणजे खाचच काढून टाकण्याची वाट कंपन्यांना मोकळी आहे. तसे झाल्यास स्वस्त वायरीचा पर्याय जाईल, बंद पडलेल्या फोनमधील माहिती काढणेही अवघड होईल.

बिनतारी चार्जिंग ही जोडीची सोय म्हणून स्वागतार्हच आहे. ती एकमेव वाट होऊ नये, हे पाहण्याची जबाबदारी नियामकांची आणि चकतीच्या मोहात न पडता खाच शाबूत ठेवणारा फोन निवडण्याची ग्राहकांची आहे.